डावीकडच्या दाढा

४ मार्च

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. वाकलं की गाल ठणकतो, तेव्हा हा उभ्याउभ्याच केला असं समज.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोन लावला की आई हातातलं शिवणकाम टाकून शेजारी येऊन उभी राहते. मुद्द्याचं सांगते. मला अक्कलदाढा येताहेत, चारही कोपऱ्यांत. वर्गातल्या तिघींच्या काढूनसुद्धा झाल्या. एकीचा गाल इतका सुजला होता की आम्ही तिला आठवडाभर चिडवलं, आता माझी पाळी. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. आई म्हणते, येऊ दे, आल्या की बसतील आपापल्या जागी. दवाखान्याचं नाव काढलं की तिला नेमकं गॅसवरचं दूध आठवतं. तुझं अर्धं आयुष्य दातांच्या दवाखान्यात गेलं, तुझं तरी ती ऐकेल.

आणखी एक, हसणार नसलीस तर. दाढ ठणकायला लागली की माझी दुपार हरवते. जेवून पुस्तक उघडते आणि एकदम संध्याकाळचा चहा समोर असतो. मधलं काहीच नाही. परवा अशी भानावर आले तेव्हा मी खाली शिवणाच्या खोलीत होते, आजीच्या मशीनपाशी. मांडीवर कुणाचा तरी कोट आणि त्याला सहा काजं केलेली, हातानं, एकसारखी. मावशी, मला सुईत दोरा ओवता येत नाही. आई समोर बसून माझ्याकडे बघत होती. इतकी खुश होती की मला काही विचारवलंच नाही.

झोप होत नाही म्हणून असेल. पण जुलैत कॉलेज सुरू होतंय, हॉस्टेलची खोलीही मिळालीय. तिथं अर्धा दिवस गायब राहून कसं चालेल? तेवढं आईच्या गळी उतरव.

तुझी,
टिकली


९ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहून पाठवते.

टिकलीचं पत्र आलं. तिला रागावू नकोस, पोरीला दुखतंय म्हणून तिनं लिहिलं. नीट ऐक. सतरा-अठराव्या वर्षी या दाढांची मुळं पुरती वाढलेली नसतात, हाडही मऊ असतं. काढायला सोपं जातं आणि जखम पटकन भरते. हीच दाढ घेऊन कुणी तिशी-पस्तिशीत आलं की आमचे डॉक्टर घामाघूम होतात. सगळ्यांच्याच काढाव्या लागतात असंही नाही. सरळ येत असेल आणि जागा असेल तर आम्हीच म्हणतो, राहू दे. पण ते एक्स-रे बघून ठरतं, तुझ्या मनाला वाटलं म्हणून नाही.

तिचे बाबा जहाजावर, सहा-सहा महिने घरी नाहीत, सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर. मला कळतं गं. म्हणून तर म्हणते, पोरीला चार दिवस माझ्याकडे पाठव. गाडीनं चार तासांचा रस्ता. एक्स-रे मी स्वतः काढीन. बावीस वर्षं मी तिथं तेच करते. एक्स-रे काढते, हत्यारं उकळते आणि घाबरलेल्यांचा हात धरून बसते. भाचीचा धरायला मला जड नाही.

आणि ते काजांचं काय प्रकरण आहे?

तुझी,
ताई


१७ मार्च

ती. ताईस,

सा. न. दुखलं की उपटून मोकळं व्हायचं, ही तुझी सवय काही जात नाही. जरा थांबलं तर काय बिघडणार आहे? दाढा काय सगळ्यांनाच येतात.

काजांचं काही प्रकरणबिकरण नाही. मी शिकवलं, ती शिकली. पोर अलीकडे फार गुणी झालीय. दुपारभर माझ्याबरोबर शिवणाच्या खोलीत बसते, गप्पा मारते, माझ्या डोक्यावरून हात फिरवते. आई गेल्यापासून चार वर्षं त्या खोलीत मी आणि दोन मशिनी, दुसरं कोणी नाही. भिंतींशी बोलायची वेळ आली होती माझ्यावर. तू तिकडे माणसांत असतेस, तुला नाही कळायचं.

पण काल तिला ताप भरला. उजवा गाल दगडासारखा लागतोय. शाळेतून बाईंचाच फोन आला, त्यापुढे माझं काही चाललं नाही. गुरुवारच्या गाडीत बसवून देते. फक्त एक्स-रे काढ. बाकी मला विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

तुझी,
धाकटी


२८ मार्च

चि. धाकटीस,

टिकली सुखरूप पोचल्याचं तू कळवलंस. मी लिहायला इतके दिवस लावले, कारण कसं लिहावं तेच कळेना.

उजवीकडे पू झाला होता. मी तुला फोन केला, तेव्हा तू "बरं, तेवढ्याच दोन" म्हणालीस. आमच्याकडे तशीही एका वेळी एकच बाजू करतात, म्हणजे दुसऱ्या बाजूनं खाता येतं. पंधरा दिवसांनी दुसरी. इथवर सगळं नेहमीचंच.

आता एक्स-रेचं. चारही दाढा हिरडीखाली गाडलेल्या, आडव्या. त्यातल्या डाव्या खालच्या दाढेवर पांढरा ठिपका दिसला. पांढरा ठिपका म्हणजे चांदी भरलेली दाढ. हिरडीखालच्या दाढेत चांदी कोण भरणार? डॉक्टर म्हणाले, फिल्म खराब असेल. मी दुसरी काढली, मग तिसरी. ठिपका हलला नाही.

मग उजवीकडच्या दोन निघाल्या. धुवायचं काम माझं. नव्या दाढेला वर टोकं असतात, डोंगरासारखी, आणि ती पोर्सेलीनच्या कपासारखी स्वच्छ असते. या दोन्ही वरून सपाट होत्या. झिजून सपाट, धाकटे, आणि चहानं पिवळ्या पडलेल्या. साठ-पासष्ट वर्षं चावून खाल्ल्याशिवाय दाढ अशी होत नाही. मी त्या डॉक्टरांपुढे ठेवल्या. त्यांनी चिमट्यानं उलटसुलट करून बघितल्या, पोरीचं वय पुन्हा विचारलं आणि हात धुवायला गेले.

तो ठिपका मी ओळखते. मी नोकरीला लागले तेव्हा माझी पहिली पेशंट म्हणून आईला आणलं होतं. डाव्या खालच्या अक्कलदाढेत चांदी भरली. मीच ती खलात घोटून दिली होती आणि ती भरताना जरा वाकडी गेली, अगदी बुटाच्या आकाराची. डॉक्टरांना त्या वेळी हसू आलं होतं. टिकलीच्या फिल्मवर तोच बूट आहे.

पोरीला मी काही बोलले नाही. गालाची बधिरता उतरल्यावर ती तीन वाट्या आइस्क्रीम खाऊन खिडकीत बसली. अंधार पडेपर्यंत तिथंच. मी म्हटलं, झोप थोडी. तर म्हणाली, "नको मावशी, किती दिवसांनी अख्खी दुपार बघतेय."

तुला काय माहीत आहे ते मला सरळ सांग.

ताई


६ एप्रिल

ती. ताईस,

सरळ सांगायचं तर, मला सगळं माहीत होतं.

जानेवारीत तिची हिरडी पहिल्यांदा सुजली त्या दुपारी ती खाली आली, आईच्या मशीनपाशी बसली आणि म्हणाली, "धाकटे, दिवा जरा इकडे ओढ." ताई, मला या नावानं तू हाक मारतेस आणि आई मारायची, टिकलीच्या तोंडून ते कधी निघालं नाही. मी दिवा ओढला. भीती वाटली नाही. खरंच वाटली नाही. पावलं दुखून घरी आल्यावर चपला काढाव्यात, तसं वाटलं.

मग रोज दुपारी यायला लागली. दाढ जितकी ठणकेल तितकी जास्त वेळ. आम्ही कामं वाटून घ्यायला लागलो, काजं ती करते, बाह्या मी चढवते. मला रागावते, मी जेवले का विचारते. संध्याकाळी चहाचा वास आला की टिकली डोळे चोळत उठते, ती पुन्हा आपली मुलगी. कोणाचं काय वाईट झालं, सांग?

तू उजवीकडच्या काढल्यास आणि ती निम्मी झाली. बोलता बोलता अडते, शब्द सापडत नाहीत तिला. मी समोर बसून रडते आणि तिला माझे डोळे पुसता येत नाहीत. म्हणून डावीकडच्या काढायच्या नाहीत. बारा तारखेची वेळ मी दवाखान्यात फोन करून रद्द केलीय.

तुझ्याबद्दलही विचारते ती.

धाकटी


११ एप्रिल

चि. धाकटीस,

तुझं पत्र वाचलं. तू आई आहेस का कोण आहेस?

कोणाचं वाईट झालं विचारतेस. ती दुपारभर जिथं असते, ती जागा कशी आहे, हे तिला एकदा तरी विचारलंस? मी विचारलं. माझ्याकडे होती तेव्हा भांडी पुसता पुसता म्हणाली, काळोख असतो, पण झोपेसारखा नाही, खूप लोकांनी वापरलेल्या पांघरुणात गुंडाळल्यासारखं होतं आणि हाक मारली तर आपलीच हाक आपल्याला ऐकू येत नाही. हे सांगताना ती हसत होती, मी घाबरू नये म्हणून. सतरा वर्षांची पोर मला सांभाळून घेते आणि तू तिच्या जागेवर दुसऱ्याला बसवतेस. मग ती दुसरी आपली आई का असेना.

मला आई नको आहे असं वाटतं का तुला? आई आजारी असताना तिनं मला बोलावलं आणि मी म्हटलं, दवाखान्यात गर्दी आहे, दोन दिवसांनी येते. दोन दिवस तिच्याकडे नव्हते. तेव्हापासून मी तुला किती वेळा विचारलं असेल, जाताना माझ्याबद्दल काही म्हणाली का? दर वेळी तू एकच सांगतेस, तिनं तुझं नाव काढलं नाही. ते मी रोज गिळते. तरी सांगते, या दाढा निघाल्याच पाहिजेत. मुळं जितकी खाली जातील तितकं काम अवघड होईल, आणि मी आता फक्त हाडाचं बोलत नाही.

डॉक्टरांकडून दहा मेची, शनिवारची वेळ घेतलीय. सकाळी आठला तिकडे पोचणाऱ्या गाडीनं येते आणि तिला घेऊन परतीच्या गाडीत बसते. तू दार लावून बसलीस तर शेजाऱ्यांसमोर तमाशा होईल, त्याची मला पर्वा नाही.

त्या दोन दाढा मी खरं तर दवाखान्याच्या कचऱ्यात टाकायला हव्या होत्या. नियम तसा आहे. त्या माझ्या कपाटात आहेत, का ते विचारू नकोस.

माझ्याबद्दल काय विचारते ती? नको, सांगू नकोस.

ताई


१९ एप्रिल

ती. ताईस,

सांगू नकोस म्हणालीस, म्हणून सांगत नाही. तीच लिहीन म्हणते. शब्द जुळवायला अजून वेळ लागतोय, पण डावीकडच्या आता वर यायला लागल्यात, तेव्हा लवकरच जमेल.

धाकटी


३ मे

ती. मावशीस,

आज नमस्कार वगैरे राहू दे, वेळ कमी आहे. आता माझ्याकडे फक्त सकाळ उरलीय. आधी दुपार जायची, मग संध्याकाळही जायला लागली, आता घड्याळात दहा वाजले की मी जाते ते दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. काल आरशात बघून दात घासत होते, तर हात माझ्या सवयीनं फिरेना. ब्रश डाव्या हातात होता. आजी डावरी होती ना?

आईला सांगून उपयोग नाही. सकाळी मी उठले की ती माझ्याकडे पाहुण्यांकडे बघावं तशी बघते. चहा देते, प्रेमानं देते, पण नजर घड्याळावर असते. मी काल तिचा हात धरून म्हटलं, आई, मी टिकली आहे, मी इथंच आहे. ती म्हणाली, "हो गं बाळा, थोडाच वेळ." मला रडूसुद्धा आलं नाही, इतकी घाई झाली होती.

तू शनिवारी येणार आहेस हे मला माहीत आहे. तुझं पत्र मला आईच्या शिवणाच्या डब्यात सापडलं, ते वाचलं. बॅग भरून पलंगाखाली ठेवलीय. हॉस्टेलचं पत्रही त्यातच घातलंय. गाडी आठला स्टेशनात येते म्हणजे तू साडेआठला घरी पोचशील, म्हणजे दीड तास मिळेल, तेवढ्यात आपण गाडीत बसलेलं असू. गाडीत मी गेले तरी तू मला सोडू नकोस, खुर्चीत बसव, ती काहीही बोलली तरी ऐकू नकोस. ती फार गोड बोलते असं आई म्हणते. मावशी, मला खूप भीती वाटते. तू ये, नक्की ये, मी दारातच उभी रा

चि. थोरलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वरचं पोरीनं लिहिलेलं आहे, ते तसंच ठेवलं. कागद चांगला आहे, अर्धा कोरा, फाडून कशाला वाया घालवायचा.

अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घे. हा हात अजून माझ्या वळणाला लागायचा आहे.

तू धाकटीला विचारत असतेस, मी तुझं नाव काढलं का. नाही काढलं. माझी जीभ जड झाली होती गं, शेवटचे दोन दिवस पाणीसुद्धा कापसानं द्यावं लागायचं, नाव काढायला तोंड कुठं होतं? तू यायचीस म्हणून मी उशी दाराच्या बाजूला फिरवून घेतली होती. हे धाकटीलाही कळलं नाही, तिला वाटलं, मला उजेडाचा त्रास होतो. मी रागावले नव्हते. कामाच्या दिवशी माणूस हातचं टाकून कसं येईल, मी स्वतः शिवण टाकून कधी आले होते का? चार वर्षं तू हे पोटात घेऊन फिरतेस आणि सांगायला मला तोंड नव्हतं.

आता आहे. डावीकडच्या दोन राहू दे. त्या गेल्या की मला पुन्हा बोलता यायचं नाही आणि तुला जे विचारायचंय ते तसंच राहील. पोरीचं मनाला लावून घेऊ नकोस, ती लहान आहे, लहानांना झोप लागते.

दहा वाजून गेले की ये. मी असते.

आई


८ मे

ती. आईस,

साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र परवा दुपारी मिळालं. पाकिटावर धाकटीचं अक्षर होतं, म्हणून जिन्यातच उघडलं आणि मग तिथंच बसून राहिले. वरच्या मजल्यावरच्या बाई दोनदा विचारून गेल्या, बरं वाटत नाही का म्हणून.

पोरीनं लिहिलेलंही वाचलं. वाचलं नाही असं म्हणणार नाही. दोनदा वाचलं. मग तुझं वाचलं, ते किती वेळा ते मोजलं नाही.

काल डॉक्टरांना सांगितलं की भाचीच्या डावीकडच्या दाढा आता सरळ वर येताहेत, दुखत नाहीत, जागाही आहे. बावीस वर्षांत मी त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि फिल्म मागितली. मी म्हटलं, सापडत नाही. मग त्यांनी वहीत तिच्या नावावर रेघ मारली.

हॉस्टेलची खोली सोडल्याचं धाकटीला कळवायला सांग, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी मिळेल.

शनिवारी मी येते. उशी तू दाराकडे फिरवलीस हे कळल्यापासून माझं कशातच लक्ष नाही. मला तुझ्या मांडीवर डोकं ठेवून एकदा पोटभर रडायचंय, मग पुढचं पुढे. गाडी आठला पोचते, पण मी स्टेशनवरच बसून राहीन. पोर बॅग घेऊन दारात उभी असेल, रस्त्याकडे बघत. तिला आत घे असं धाकटीला सांगू नकोस, पोर ऐकायची नाही, आणि उभं राहून दमली तर दमू दे, दहापर्यंतच काय ते.

दहा वाजून गेले की मी येते.

तुझी,
थोरली